१८६ विरुद्ध एक

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर मतदान झालं. बाजूनं १८६ मतं पडली, विरोधात फक्त एक. ते एक मत आपल्याच महाराष्ट्राच्या खासदाराचं होतं. शरद जोशींचं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी, ज्यांच्या एका हाकेवर १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला लाखोंनी बायका जमल्या होत्या, तेच.

त्या वेळी आमच्या गावातल्या महिला मंडळात एकच सूर होता, ‘शेवटी पुरुषच तो!’ मला मात्र ते पटकन पचलं नाही. माझ्या सासूबाई चांदवडला गेलेल्या. ट्रकमध्ये दाटीवाटीनं बसून, भाकरी-चटणी बांधून. आयुष्यात पहिल्यांदा त्या नवऱ्याशिवाय, माहेराशिवाय आणि देवाशिवाय कुठे तरी गेल्या होत्या. त्यामुळे हा माणूस आमच्या घरात परका नव्हता. म्हणून मी त्यांचा सगळा प्रवासच नीट वाचून काढला. तो आज मैत्रिणींपुढे मांडावासा वाटतो, कारण आपण उमेदवाराची जात, गाव, सोयरीक सगळं विचारतो, पण तो निवडून गेल्यावर तिथे हात कशासाठी वर करतो हे कधीच विचारत नाही.

जोशी आधी सरकारी नोकरीत होते, मग स्वित्झर्लंडमध्ये टपाल संघटनेत. ते सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, कांद्याचं आंदोलन उभं केलं. सुरुवातीची त्यांची भूमिका निवडणुकीपासून लांब राहण्याची. पुढे ती बदलली. संघटनेचे काही कार्यकर्ते १९९० मध्ये आमदार झाले. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, स्वतःही उभे राहिले आणि पडले. सभेला मैदान भरायचं, पेटी मात्र रिकामी. हे कोडं त्यांच्या कार्यकर्त्यांनाही सुटलं नाही. माझं मत विचाराल तर भाव मागायला लोक एकत्र येतात आणि मत द्यायला आपापल्या भावकीत परत जातात. शेवटी २००४ मध्ये ते राज्यसभेत गेले, तेही शिवसेना-भाजपच्या आमदारांच्या मतांवर.

आता बायकांचा हिशेब. चांदवडनंतर शेतकरी महिला आघाडीनं पंचायतीच्या निवडणुकीत नुसत्या बायकांची पॅनेलं उभी करायचं ठरवलं. लक्षात घ्या, तेव्हा आरक्षण नव्हतं. महाराष्ट्रात ३० टक्के आलं ते १९९० मध्ये. मग ‘लक्ष्मीमुक्ती’ आली. नवऱ्यानं स्वखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा, आणि ज्या गावात शंभरावर बायकांची नावं सातबाऱ्यावर चढतील ते गाव लक्ष्मीमुक्तीचं. कायदा नाही, सक्ती नाही, तरी हजारो बायकांच्या नावावर जमीन झाली. आज ‘दोघांचं नाव लावा’ म्हणून आम्ही गावोगाव सांगत फिरतो, तेव्हा तलाठ्यापासून दिरापर्यंत कोणकोण आडवं येतं ते मला विचारा.

मग अशा माणसानं विरोधात मत का दिलं? त्यांचा आक्षेप बायकांच्या जागांना नव्हता, त्या जागा फिरवण्याला होता. त्या विधेयकात एक तृतीयांश मतदारसंघ राखीव होणार आणि ते दर निवडणुकीला बदलणार होते. म्हणजे आज निवडून आलेल्या बाईला ठाऊक की पुढच्या वेळी इथलं आरक्षण उठणार. शेजारच्या मतदारसंघातल्या पुरुषालाही ठाऊक की आपला उद्या राखीव होईल. मग मतदारसंघाची मशागत करणार कोण? शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर, दर साली वावर बदलणार असेल तर बांधबंदिस्ती कुणी करत नाही.

हे म्हणणं खोटं आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या तालुक्यात एका गावात बाई सरपंच झाली. पहिलं वर्ष नवराच खुर्चीत. दुसऱ्या वर्षी तिनं त्याला बाहेर बसवलं. तिसऱ्या वर्षी नळयोजनेची फाइल घेऊन ती एकटी एसटीनं जिल्ह्याला जायला लागली. चौथ्या वर्षी ठेकेदार तिला घाबरायला लागला. आणि पाचव्या वर्षी सोडत निघाली, सरपंचपद खुलं झालं. ‘आता तुमचं झालं, ताई,’ म्हणून पॅनेलवाल्यांनी तिला घरी पाठवलं. खुल्या जागेवर बाईनं उभं राहू नये असं कुठल्याही कायद्यात नाही, पण आपल्याकडे खुली जागा म्हणजे पुरुषाची जागा असाच अर्थ लावतात. नळाचं पाणी गावात आलं तेव्हा उद्‌घाटनाच्या पत्रिकेत तिचं नावसुद्धा नव्हतं.

तरीही जोशींचं मत मला चुकीचंच वाटतं. ती बाई सरपंच झाली तीच मुळी आरक्षणामुळे. चांदवडची गर्दी बघून एकाही मोठ्या पक्षानं बायकांना भराभर तिकिटं दिली नाहीत. जिथे आरक्षण आलं त्या पंचायतींत २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. जिथे नव्हतं, त्या विधानसभेवर २०२४ मध्ये २८८ पैकी अवघ्या २१ बायका निवडून आल्या. लोकसभेत ५४३ पैकी ७४. कळवळ्यानं तिकीट मिळालं असतं तर एवढ्या वर्षांत मिळालं असतं. जोशींचा सरकारी सक्तीवर विश्वासच नव्हता. प्रत्येक राजकीय पक्षाला समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते ती अट काढा, म्हणूनही त्यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणलं होतं. बाजार मोकळा करा, शेतकरी मोकळा करा, बाई मोकळी करा, हा त्यांचा धागा सरळ होता. पण काही गाठी सैल सोडून सुटत नाहीत, त्या कापाव्या लागतात.

आमच्या बचत गटात लक्ष्मीमुक्तीत दीड एकर नावावर झालेल्या एक आजी आहेत. त्यांना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘सायबाचं कारण बरोबर असंल. पण मी तिथं असते तर बटन दाबलं असतं.’

आणि एक बाब आपण विसरतो. जोशींचं हे मत आपल्याला कळलं तरी. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं मोजून लागतात, म्हणून कोण कुठल्या बाजूला ते नावानिशी नोंदलं जातं. एरवी बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं संमत होतात. ‘होय’चा गलका मोठा की ‘नाही’चा, एवढंच. आपल्या आमदाराचा आवाज त्यात होता की तो बाहेर चहा पीत होता, कुणाला पत्ता? शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. जोशी सभागृहात त्यांच्या पक्षाचे एकटेच होते, त्यांना व्हिप काढणारं कुणी नव्हतं. त्या १८६ जणांत मनातून विरोधात असलेले किती होते, ते देव जाणे. नंतर ते विधेयक लोकसभेत पडून राहिलं आणि २०१४ मध्ये बाद झालं. विरोधात एकच मत होतं, तरी पुढची तेरा वर्षं आरक्षण आलं नाही, याचा अर्थ काय घ्यायचा?

२०२३ मध्ये पुन्हा मतदान झालं. लोकसभेत ४५४ विरुद्ध दोन. ते दोघे एमआयएमचे, ओवेसी आणि आपल्या औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम बायकांना वेगळा वाटा का नाही, हा त्यांचा सवाल. राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. या कायद्यात एक बदल मात्र होता. राखीव जागा दर निवडणुकीला नव्हे, तर मतदारसंघांच्या दर फेररचनेनंतर फिरतील असं त्यात लिहिलं गेलं. जोशी २०१५ मध्येच गेले होते. त्यांचा आक्षेप निदान अर्धा तरी कागदावर आला, पण त्याचं श्रेय त्यांना दिल्याचं माझ्या वाचनात नाही. आरक्षण लागू व्हायला मात्र आधी जनगणना आणि मग फेररचना, अशी अट घातली गेली.

आमच्या मंडळात आम्ही एक वही घातली आहे. हळदीकुंकवाला, शिबिराला जो कुणी लोकप्रतिनिधी येईल त्याला तीन गोष्टी विचारून त्याच्यासमोर लिहून घ्यायच्या. गेल्या अधिवेशनात किती दिवस हजर होतात? कुठल्या विधेयकावर काय बोललात? मतं मोजून घ्या अशी मागणी कधी केलीत का? पहिल्या पाहुण्यांनी वही हातात घेतली, हसले आणि ‘पीएला पाठवतो’ म्हणाले. ते पान अजून कोरं आहे, पण वर त्यांचं नाव आणि तारीख आम्ही घालून ठेवली आहे.