बिननावाच्या चिठ्ठ्या

वयात येणाऱ्या मुलांशी शरीराबद्दल कोणी बोलायचे, हा वाद महाराष्ट्रात जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक विषयांवरचे मासिक सुरू केले आणि अश्लीलतेचे खटले सोसत १९५३ पर्यंत, मृत्यूपर्यंत चालवले. २००७ मध्ये राज्यात शालेय लैंगिक शिक्षणावर बंदी आली, तीही संस्कृतीच्याच नावाने.

गावातली गरज मात्र बंदीने संपत नाही. गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग यांनी केलेल्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ती प्रसिद्ध केली. पुढे त्यांनी तरुणांसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरे घेतली.

सनातनी गावात अशा कामाची सुरुवात मुलांपासून करून चालत नाही. आधी आया, सरपंच, अंगणवाडीताई यांना विश्वासात घ्यावे लागते. बोलणे पाळी, रक्तक्षय, लग्नाचे वय इथून सुरू होते. समोरासमोर कोणी विचारत नाही, म्हणून बिननावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायला सांगतात. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, पाळीत लोणच्याला हात लावला तर खरेच नासते का, असे प्रश्न त्यातून निघतात. एरवी त्यांची उत्तरे मोबाइल देतो, आणि बहुधा चुकीची.

सर्वांत आधी निसटतात ती शाळा सुटलेली मुले. बीडमधल्या ऊसतोड कुटुंबांच्या मुली हंगामात फडावर असतात आणि त्यांची लग्नेही लवकर उरकली जातात. केंद्राच्या २०१४ च्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातलेच ‘साथिया’, म्हणजे समवयस्क मार्गदर्शक, नेमायची सोय आहे. पण गाव कारखान्याच्या वाटेला लागले की साथियाही सोबत जायला हवा.