फोटोचे व्हाउचर मागा

हिशेबाच्या कीर्दीत व्हाउचरशिवाय एका रुपयाचाही खर्च टाकता येत नाही. पैसे कोणाला दिले, कशाबद्दल दिले, तारीख कोणती, सही कोणाची, हे पाहिल्यावरच कारकून नोंद करतो. पण मोबाइलवर आलेला फोटो मात्र आपण कसलीही शहानिशा न करता मनाच्या वहीत खरा म्हणून उतरवून घेतो आणि पन्नास जणांना पाठवून मोकळे होतो. राजकारणातील हुशार मंडळींनी आपली ही सवय नेमकी हेरली आहे.

फोटोत फेरफार करण्याची विद्या आजची नाही. ५ मे १९२० रोजी मॉस्कोच्या चौकात लेनिन भाषण करीत असताना काढलेल्या छायाचित्रात व्यासपीठाच्या पायऱ्यांवर ट्रॉट्स्की उभा होता. पुढे स्टालिनच्या राजवटीत तो नकोसा झाला आणि छापील चित्रातून त्याला पुसून टाकण्यात आले. त्या काळी त्यासाठी कुशल कारागीर लागत असे. आज कॉलेजचा पोरगासुद्धा हे काम मोबाइलवर पाच मिनिटांत करतो.

आपल्या अगदी जिव्हाळ्याचे उदाहरण पाहू. डिसेंबर २०२४ मध्ये गृहमंत्री अमित शहा यांनी राज्यसभेत बाबासाहेबांच्या नावाविषयी काढलेल्या उद्गारांवरून देशभर संताप उसळला. विरोधी पक्षांच्या खासदारांनी बाबासाहेबांचे फोटो हाती धरून संसदेच्या आवारात निदर्शने केली. त्यानंतर भारतीय जनता पक्षाच्या अधिकृत खात्यावर त्याच निदर्शनांचे चित्र झळकले. परंतु खासदारांच्या हातातील बाबासाहेब गायब होते आणि त्यांच्या जागी जॉर्ज सोरोस या परदेशी धनिकाचा चेहरा बसविलेला होता. मूळ दृश्य देशातील अनेक छायाचित्रकारांनी टिपलेले असल्यामुळे ही लबाडी उघडी पडायला वेळ लागला नाही. टीका करायला कोणाची हरकत नाही. पण बाबासाहेबांना फोटोतून काढून टाकणे ही टीका नव्हे.

येथपर्यंत आपण सगळे माना डोलावू. खरी कसोटी यापुढे आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, लोकसभेच्या निवडणुकीच्या धामधुमीत, एक चित्रफीत गावोगाव फिरली. तीत शहा अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण रद्द करणार असल्याचे सांगताना ऐकू येत होते. ती चित्रफीत कापून जोडलेली होती. मूळ भाषण तेलंगणातील मुस्लिमांच्या आरक्षणाविषयी होते. दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदविला आणि तेलंगणा काँग्रेसच्या समाजमाध्यम विभागातील काही जणांना अटकही झाली. आरक्षणाविषयीची आपली भीती खरी आहे आणि तिला कारणेही आहेत. म्हणूनच तिच्यासाठी खोट्या पुराव्याची गरज नाही. खोटा पुरावा उघडा पडला की समोरचा आपल्या खऱ्या तक्रारीवरही हसतो. आपल्या बाजूचा म्हणून खोटा कागद मंजूर करणारा कारकून शेवटी स्वतःच्याच संस्थेला बुडवितो.

आणि याची किंमत नुसती अब्रूची नसते. मे २०१४ च्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विकृत केलेली चित्रे फेसबुकवर टाकण्यात आली. पुण्यात दगडफेक व जाळपोळ सुरू झाली. २ जून रोजी हडपसरमध्ये मूळ सोलापूरच्या एका मुस्लिम तरुणाला जमावाने ठार मारले. संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या या मुलाचा त्या चित्रांशी काडीचाही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. चित्र खोटे होते, पण गेलेला मुलगा मात्र खराच होता.

हे आपल्या वस्तीत घडू शकणार नाही असे कोणी समजू नये. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची खरीखुरी विटंबना झाली होती. लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसे गेली. पुतळ्याला लागलेला हात आपल्या काळजाला लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. उद्या कोणी विटंबनेचे खोटे चित्र बनवून सोडले, तर गोळ्या खोट्या नसतील, आणि तुरुंगात जाणारी पोरेही आपलीच असतील.

मग करायचे काय? चार साध्या गोष्टी आहेत. फोटो कोठला, कधीचा, कोणी काढला, हे पाठविणाऱ्याला विचारावे. गूगल लेन्समध्ये टाकून तो पूर्वी कोठे आला होता का, ते पाहावे. जुना फोटो नव्या मथळ्याखाली फिरविण्याचे प्रकार सर्वांत जास्त चालतात. त्याच घटनेचे दुसऱ्या कोनातून काढलेले चित्र वर्तमानपत्रात शोधावे. आणि भाषणाचा तुकडा आला तर संपूर्ण भाषण ऐकल्याखेरीज पुढे पाठवू नये. विटंबनेची बातमी असेल तर त्या गावातील कार्यकर्त्याला फोन करून आधी खात्री करावी. दोन समाजांत वैर पेटविणारा मजकूर पसरविणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, आणि ‘मी फक्त फॉरवर्ड केले’ एवढे म्हणून सुटका होतेच असे नाही, हेही तरुणांनी ध्यानात ठेवावे.

जळगाव जामोद शहरापासून सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यांपर्यंत वस्तीवस्तीत व्हॉट्सॲपचे ग्रुप झाले आहेत. प्रत्येक ग्रुपने एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी या तपासणीसाठी नेमावी. घरातील आयाबहिणींनीही मुलांना रोज एक प्रश्न विचारावा, ‘बाळा, हा फोटो आला कुठून?’ उत्तर येत नसेल तर तो फोटो पुढे पाठवू देऊ नये.