मोहरबंद गाडीतील मोकळे यंत्र

शिरवळच्या कारखान्यांतून निघून, सारोळ्याच्या पुलावरून नीरा ओलांडून भोर तालुक्याच्या हद्दीत शिरणारा बंद बॉडीचा कंटेनर बाहेरून इतका निरुपद्रवी दिसतो की, त्याच्या पोटात चार टनांचे डिझेल जनित्र आहे की बिस्किटांचे खोके आहेत, हा प्रश्न शेजारून दुचाकीवर जाणाऱ्याच्या मनास शिवतही नाही. उघड्या ट्रकवरील दोरखंड सैल झाला, तर मागून येणारा कोणीतरी भोंगा वाजवून, हातवारे करून चालकास सावध करतो. बंद गाडीस हे लोकनिरीक्षण लाभत नाही. म्हणूनच अशा गाडीत यंत्र कसे जखडले याची जबाबदारी, जी आज प्रघाताने एकट्या चालकाच्या माथी मारली जाते, ती माल भरून दारास मोहर लावणाऱ्यावर लेखी बसविली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जड वस्तू आपल्या वजनानेच जागच्या जागी बसून राहते, ही समजूत जितकी सार्वत्रिक तितकीच घातक आहे. कचकन ब्रेक दाबला असता माल पुढे झेपावतो, आणि त्यास अडविण्यासाठी मालाच्या वजनाच्या आठ-दशांश इतक्या जोराची तजवीज असावी, बाजूंस व मागे वजनाच्या निम्म्या जोराची असावी, असे युरोपातील प्रमाणक सांगते. चार टनांच्या जनित्रास हा हिशेब 3.2 टनांचा होतो. लोखंडी बैठक लाकडी फळ्यांवर टेकली असता घर्षण त्यांपैकी फार तर 1.2 टन सांभाळील. उरलेले दोन टन कोणी धरावयाचे? रॅचेटच्या पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीवर 2,500 चा आकडा वाचून मुकादम निश्चिंत होतो, परंतु त्याच चिठ्ठीवर खाली हाताने आवळल्यावर येणाऱ्या ताणाचा जो बारीक आकडा असतो, तो बहुधा तीनशेच्या आसपास असतो. आणि यंत्राच्या माथ्यावरून टाकलेला पट्टा केवळ या ताणानेच यंत्रास खाली दाबीत असतो. दोन्ही बाजूंचा मिळून सहाशे किलोंचा दाब धरला, तरी घर्षणाच्या वाटेने त्यातून पुढची ओढ थोपविण्यास हाती येतात अवघे एकशे ऐंशी किलो. म्हणजे उरलेल्या दोन टनांसाठी असे बारा पट्टे हवेत, आणि प्रत्यक्षात दिसतात दोन! त्याऐवजी बैठकीपुढे भक्कम लाकडी ओंडके गाडीच्या सांगाड्यास टेकवून ठोकावे, खाली रबराची चटई घालावी, आणि यंत्राच्या मूळ कड्यांपासून फरशीच्या कड्यांपर्यंत चारही कोपऱ्यांस तिरपे पट्टे वा साखळ्या ओढाव्या, हाच शहाणपणाचा मार्ग. कंटेनरच्या पत्र्याच्या भिंतीस आधार मानणे ही निव्वळ आत्मवंचना होय.

पट्टा काही मैलांत सैल पडतो, कारण माल बसत जातो व फळ्या दबतात; म्हणून थोड्या अंतरावर थांबून तो पुन्हा आवळावा असा नियम जाणकार सांगतात. परंतु दारास मोहर आहे, आणि ती तोडण्याचा अधिकार चालकास नाही. ज्यास पाहण्याची मुभा नाही, त्यानेच जाब द्यावा, हा कोणता न्याय? कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरणाऱ्या महामार्गावर, जेथे 20 नोव्हेंबर 2022 रोजी एका बेकाबू ट्रकने कित्येक वाहने चिरडली (त्या अपघाताचे कारण निराळे होते), तेथे ब्रेक लावताना पाठीमागून सरकत येणाऱ्या यंत्राची पहिली गाठ पडते ती चालकाच्या केबिनशी.

कायद्याची नजर मात्र वजनकाट्यावर खिळलेली आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार जादा बोजास वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. परंतु नियमातील वजनाचे, पण मोकळे ठेवलेले यंत्र काट्यावर निर्दोष ठरते. ही उणीव भरून काढण्यास नवे सरकारी खाते उघडण्याची आवश्यकता नाही. रस्त्याने मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्यानुसार माल पाठविणाऱ्याने मालाचे पाठवणीपत्र भरून द्यावयाचे असते व वाहतूकदाराने पावती, म्हणजेच बिल्टी. त्याच बिल्टीवर, कोणी जखडले, कशाने जखडले, आणि दार लावण्यापूर्वीचे छायाचित्र, एवढी भर घालावी व खाली सही घ्यावी.

यावर वेळ जातो, भाडे वाढते, अशी तक्रार होईल. ती खोटी नाही. ती वाढ माल मागविणाऱ्याने सोसावी, कारण सोय त्याची आहे. यापेक्षा बिकट प्रश्न शेवटच्या टप्प्याचा. राजगड हे नवे नाव लाभलेल्या वेल्हे तालुक्यात, चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे जाताना, किंवा कापूरहोळावरून भोरकडे व पुढे वरंधा घाटाच्या वळणांकडे वळताना, मोठ्या गाडीतील यंत्र पुष्कळदा फाट्यावरच लहान टेम्पोत उतरविले जाते, आणि तेथे घाईगर्दीत, हाताशी सापडेल त्या दोरीने बांधले जाते. पहिल्या बिल्टीवरील सही या दुसऱ्या गाडीस लागू होणार नाही. तेथे नवी बिल्टी, नवे छायाचित्र आणि ज्याने टेम्पोत माल चढविला त्याची सही घेतल्यावाचून गाडी हलवू नये, असा हुकूम जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी काढावा.