मंगळावरचा रोव्हर आता थांबत नाही, तो कशामुळे?

दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांतला फरक मोजून समोरचा दगड किती दूर आहे, हे रोव्हरला कळतं. पण हे गणित चित्रातल्या ठिपक्याठिपक्यासाठी करावं लागतं. 'क्युरिऑसिटी' त्यासाठी वाटेत थांबायचा. स्वयंचलित वेग तासाला जेमतेम २० मीटर. २०२१ मध्ये उतरलेल्या 'पर्सिव्हरन्स'चा मुख्य प्रोसेसर त्याच जातीचा आहे. फक्त चित्रांसाठी वेगळा संगणक आणि एफपीजीए चिप दिली. आता चालता चालता नकाशा बनतो, वेग १२० मीटरपर्यंत. कौतुक मात्र सॉफ्टवेअरचंच जास्त झालं!

आपल्या 'प्रज्ञान'चा मार्ग पृथ्वीवर ठरायचा. चंद्राहून सिग्नल सव्वा सेकंदात येतो, म्हणून निभावलं. मंगळाहून कधी २० मिनिटंही लागतात. तिथे रोव्हर न्यायचा असेल, तर इस्रोने अशा चिपचं काम आत्ताच हाती घ्यायला हवं.