तोट्यातली बस आणि बिनहिशेबी जीप

परवा चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, "पत्रकारसाहेब, तुम्ही उगाच बस-बस करता. पीएमपी तोट्यात, एसटी तोट्यात. तोट्यातली गाडी गावात पाठवायची कुणी आणि कशाला?"

हे म्हणणारा माणूस चांगला आहे. त्याच्या दारात एक कार आणि दोन मोटारसायकली आहेत. गेल्या दहा वर्षांत तो बसमध्ये चढला असेल असं वाटत नाही. तरी प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. वेळ काढून वाचा.

आधी आपण कुठे राहतो ते बघा. पुणे-नगर रोड. 1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी याच रस्त्यावरून धावली. दरवर्षी त्या दिवशी हार घालून फोटो निघतात. आणि आज त्याच रस्त्यावर, वाघोलीच्या पुढं, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, थेट रांजणगावपर्यंत सकाळी सहाला उभं राहून बघा. फर्स्ट शिफ्टचे कामगार, कॉलेजची पोरं, डबे घेतलेल्या बाया. लांब पल्ल्याची एसटी फाट्यावर थांबत नाही. थांबते ती जीप. नऊच्या जागी पंधरा माणसं.

आता घोळ कुठं आहे ते सांगतो.

वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेली. तिथपर्यंत पीएमपी हक्काची. पीएमपीएमएल ही कंपनी 2007 मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून झाली. मालक दोन महापालिका, हिस्सा 60 आणि 40 टक्के. वाघोलीची हद्द संपली की पुढची गावं पीएमआरडीएत. म्हणजे घराचा नकाशा पास करायला आपण पुण्याचे, आणि बसची वेळ आली की ग्रामीण! त्या दोन महापालिकांत आपलं मत नाही, त्यामुळे आपली बस बंद झाली तर तिथल्या कुठल्या नगरसेवकाची झोप उडत नाही.

एसटीचा संप आठवतो? ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022. तेव्हा ग्रामीण भागात पीएमपी धावली. लोकांना सवय झाली, वेळा पाठ झाल्या. मग संप मिटला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये पीएमपीनं ग्रामीण मार्ग टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरवलं. कारणं दोन सांगितली: मार्ग तोट्यात आहेत, आणि एसटी आता सुरळीत झाली, तिचंही तसं पत्र आहे. दोन्ही सरकारी संस्था. दोघीही तोट्यात. आणि भांडण कशावरून, तर हा प्रवासी कुणाचा! प्रवाशाला कुणी विचारलं नाही की बाबा, तुला कुठली गाडी सोयीची.

बरं, दोन्ही गाड्या सारख्या असत्या तरी चाललं असतं. तशाही नाहीत. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. 75 वर्षांवरच्यांना फुकट प्रवास आहे. शाळेत जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास आहे. यातलं अर्धं तिकीट पीएमपीला लागू नाही. एसटीचा मोफत पासही पीएमपीत चालत नाही. म्हणजे फाट्यावर एसटी थांबली तर बाईला अर्धं तिकीट, पीएमपी आली तर पूर्ण, आणि दोन्ही नाही आल्या तर जीपवाला म्हणेल ते. सरकारनं दिलेली सवलत खरीच आहे. पण ती गाडीला चिकटवलीय, बाईला नाही. गाडी आली नाही की सवलत कागदावर.

वरून भाडेवाढ. जानेवारी 2025 मध्ये एसटी सुमारे 15 टक्क्यांनी महागली. 1 जून 2025 पासून पीएमपीचं किमान तिकीट 5 वरून 10 रुपये झालं, शहरातला महिन्याचा पास 900 वरून 1500. आपल्या पीएमआरडीए भागातला रोजचा पास 120 होता, तो 150 केला. डिझेल महागलं, पगार वाढले, सगळं मान्य. पण भाडं वाढवल्यावर फेऱ्या वाढवायच्या असतात, हे कुणी सांगायचं?

आता तोट्याचं बोलू.

एसटीच्या तिकिटावर राज्य सरकार 17.5 टक्के प्रवासी कर घेतं. गरिबाच्या तिकिटातून कर घ्यायचा, एसटीला सवलती द्यायला लावायच्या, त्या सवलतींचे पैसे सावकाश द्यायचे आणि मग विधानसभेत उभं राहून म्हणायचं की एसटी तोट्यात आहे! समोरचा उड्डाणपूल किती फायद्यात आहे, हे कधी कुणी विचारलंय? चौकातला दिवा, गावातली शाळा, पोलीस चौकी, यांचा नफा-तोटा कुणी काढतं का? मग बसनंच काय पाप केलंय?

आणि बस बंद केली की तोटा खरंच संपतो का? हे एका ठिकाणी करून बघितलंय. ठिकाण लांबचं आहे, अमेरिकेतलं, पण गोष्ट आपलीच वाटेल. अटलांटा शहराच्या दक्षिणेला क्लेटन नावाची काउंटी आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा स्थानिक कारभाराचा भाग. शहराला खेटलेला, विमानतळावर आणि हॉटेलांत राबणाऱ्या लोकांचा. 2001 मध्ये तिनं स्वतःची बससेवा काढली. बजेटमध्ये खड्डा पडल्यावर 31 मार्च 2010 ला ती सगळीच बंद केली. एखाद-दुसरा मार्ग नाही, सगळी. ज्यांच्याकडे कार होती त्यांना फरक पडला नाही. ज्यांच्याकडे नव्हती ते हायवेच्या कडेनं चालत कामावर जाऊ लागले, कुणी शेअर टॅक्सी धरली, कुणाची नोकरी गेली. काउंटीच्या वहीतला तोटा मिटला, तो लोकांच्या घरात जाऊन बसला. शेवटी नोव्हेंबर 2014 मध्ये मतदान झालं. जवळपास तीन चतुर्थांश मतदारांनी खरेदीवर एक टक्का जादा कर स्वीकारला, कशासाठी, तर अटलांटाची मार्टा बस आपल्याकडे यावी म्हणून. 2015 मध्ये बस परत आली. कर वाढवा म्हणून मत देणारे लोक वेडे नव्हते. साडेचार वर्षं बसशिवाय काढल्यावर त्यांना बसची किंमत कळली होती.

आपल्याकडचा हिशेब करून बघा. जीपला एका वेळचे 40 रुपये धरा. जाऊन-येऊन 80, महिन्याचे 25 दिवस, झाले 2000. कंत्राटी कामगाराच्या पगारातून हे जातात. घरात कॉलेजची पोरगी असेल तर आणखी 2000. मग बाप म्हणतो, मुलगी बाहेरून परीक्षा दे, नाहीतर लग्नाचं बघू. हा तोटा कुठल्या ताळेबंदात येतो? जीप उलटली तर विम्याचे पैसे मिळवायला कोर्टात किती वर्षं घालवायची, ते कुठं लिहितात? पोरगा अठरा वर्षांचा झाला की हप्त्यावर मोटारसायकल घेतो आणि नगर रोडला ट्रकच्या चाकाशेजारून जातो. याच्या बातम्या मीच देतो, एक कॉलम दोन इंच.

"मग पैसा आणायचा कुठून?" याचंही उत्तर आहे. आपल्या गावांत टॉवरवर टॉवर उभे राहताहेत. प्रत्येक बांधकाम परवानगीला पीएमआरडीए विकास शुल्क घेतं. लोक राहायला आणले, तर त्यांना ने-आण करायची जबाबदारी नको? त्या पैशातला ठरलेला वाटा बससाठी राखून ठेवा. एमआयडीसीतल्या कंपन्या स्वतःच्या कायम कामगारांना गाड्या देतात, कंत्राटी पोरांना वाऱ्यावर सोडतात. त्यांच्याकडूनही वाटा घ्या.

माझ्या मागण्या चारच. एक, नगर रोडसाठी एसटी आणि पीएमपीचं एकच वेळापत्रक, शिफ्टच्या वेळेला जुळणारं, आणि ते प्रत्येक थांब्यावर लावलेलं. दोन, सवलत माणसाला द्या, दोन्ही गाड्यांत चालली पाहिजे. तीन, रद्द झालेल्या फेऱ्यांचा आकडा कारणासह दर महिन्याला जाहीर करा. चार, मार्ग बंद करायच्या आधी ग्रामसभेत या आणि तोंडावर सांगा.

मत मागायला जे जे येतील त्यांना सत्काराआधी एवढंच विचारा: साहेब, इथून पुण्याला शेवटची बस किती वाजता? उत्तर देता आलं नाही तर नारळ परत घ्या.

टपरीवरच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर. एक दिवस कार घरी ठेव आणि सकाळी सहाला फाट्यावर ये. चहा माझ्याकडून.

आणि तुम्ही रोज कुठून कुठं जाता, किती वेळ थांबता, किती पैसे मोजता, ते खाली लिहा. सगळं एकत्र करून निवेदनाला जोडतो.