रूटचा पासवर्ड सगळ्यांना कशाला?

लहानमोठ्या संस्थांचे लिनक्स सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा. नव्या ठिकाणी गेलो की आधी विचारतो, रूटचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे? एका पतसंस्थेत मॅनेजर म्हणाले, "सगळ्यांनाच! कुणाचं अडायला नको." नोकरी सोडून गेलेल्या मुलालाही तो ठाऊक होता.

रूट म्हणजे सर्वाधिकारी. कुठलीही फाइल वाचा, पुसा. यंत्र हूं की चूं करत नाही. 'सू' टाइप करून रूटचा पासवर्ड दिला की प्रॉम्प्टवर डॉलरच्या चिन्हाजागी हॅश येतो आणि तुम्ही रूट. १९७१च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येही ही कमांड आहे.

नुसतं 'सू' दिलं तर माणूस बदलतो, पण कमांड कुठे शोधायच्या याची यादी जुन्याच माणसाची राहू शकते. २०१९ साली 'डेबियन १०' ही लिनक्सची आवृत्ती आल्यावर 'कमांड नॉट फाउंड' बघून भलेभले चक्रावले, ते यामुळेच. 'सू'पुढे डॅश दिला की रूटचं स्वतःचं एन्व्हायर्नमेंट मिळतं. ही सवय हवीच. पण पासवर्ड वाटण्याचा रोग डॅशने जात नाही.

त्यावरचं औषध १९८०च्या सुमारास अमेरिकेत, बफेलोच्या विद्यापीठात तयार झालं: 'सुडो'. ते एरवी ज्याचा त्याचा पासवर्ड मागतं, नेमून दिलेलीच कामं करू देतं आणि कुणी, कधी, कुठली कमांड चालवली हे नावानिशी नोंदवतं. बॅकअप घेणाऱ्याला बॅकअपपुरताच अधिकार देता येतो.

पण आमचेच काही भाऊबंद सकाळी 'सुडो सू' मारून दिवसभर रूट होऊन बसतात. मग सुडोच्या लॉगमध्ये एवढंच उरतं, की अमुक जण रूट झाला. पुढचे उद्योग गुलदस्त्यात!

'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग जपायला सांगितलं आहे. त्यात जिथे तिथे 'रूट'च दिसत असेल, तर जाब कुणाला विचारणार?

संस्थाचालकांनो, कॉम्प्युटर कळत नसला तरी दोन गोष्टी करून घ्या: प्रत्येकाला स्वतंत्र खातं आणि कामापुरतं सुडो. सुडो फुकट आहे. रूटचा पासवर्ड आजच बदला आणि पाकिटात सील करून तिजोरीत ठेवा.