दोन बाटल्यांचा हिशेब

आमच्या शाळेच्या गच्चीवर पाण्याची एक जुनी टाकी आहे. झाकण फुटलेले, आत हिरवेगार पाणी. शिपाईमामा अधूनमधून म्हणायचे, "टीचर, एकदा घासून टाकतो." या वर्षी मीच त्यांना थांबवले. विज्ञान प्रदर्शनासाठी मला ते हिरवे पाणी हवे होते.

खरे तर मी उर्दू आणि मराठी शिकवते. पण विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि आठवीचे प्रदर्शन माझ्या गळ्यात पडले. विषय काय घ्यावा याचा विचार करत असताना वर्गातल्या एका मुलीने विचारले, "टीचर, टाकीतलं पाणी हिरवं का होतं? आत झाड तर नाही."

झाड नाही, पण झाडाचे काम करणारे आहे. उर्दूत आपण त्याला काई म्हणतो, मराठीत शेवाळ. दोन्ही शब्द ऐकले की आपल्याला न्हाणीघरात पाय घसरल्याचेच आठवते! या काईची एक जात इतकी बारीक असते की एकेकटी डोळ्यांना दिसतच नाही. तिला सूक्ष्म शेवाळ म्हणतात. लाखोंनी एकत्र आली की पाण्याला रंग येतो, तेवढेच आपल्याला कळते. समुद्रात आणि खाड्यांमध्ये हीच सूक्ष्म वनस्पती पसरलेली असते. पृथ्वीवर जेवढा ऑक्सिजन हिरव्या पानांतून आणि शेवाळातून तयार होतो, त्यातला सुमारे निम्मा समुद्रातली ही न दिसणारी मंडळी तयार करतात.

वाचकहो, या विषयावर आयुष्य घालवलेल्या एका माणसाची ओळख आपल्या मुलांना असायलाच हवी. डॉ. सय्यद जहूर कासिम. जन्म १९२६, अलाहाबादकडचा. शिक्षण अलीगढ मुस्लिम विद्यापीठात, पुढचे संशोधन ब्रिटनमध्ये. आपल्याला त्यांचे नाव माहीत असले, तर ते अंटार्क्टिकाच्या मोहिमेमुळे. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघालेल्या भारताच्या पहिल्या मोहिमेचे ते नेते होते. २१ जणांची ती तुकडी ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. पुढे ते दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे कुलगुरूही झाले. पण बर्फावर जाण्याच्या कितीतरी आधी, १९६० च्या दशकात, हे गृहस्थ कोचीच्या बॅकवॉटरमध्ये पाण्याच्या बाटल्या बुडवत होते.

काय होत्या त्या बाटल्या? पद्धत साधी आहे, म्हणूनच मला आवडली. खाडीचे पाणी दोन बाटल्यांत भरायचे. एक बाटली पारदर्शक, दुसरी काळी, आत उजेड न जाणारी. दोन्ही झाकण लावून काही तास पाण्यात टांगून ठेवायच्या. उजेडातल्या बाटलीत शेवाळ ऑक्सिजन तयार करते आणि श्वासासाठी थोडा वापरतेही. अंधारातल्या बाटलीत नुसताच वापर होतो. शेवटी दोन्हींतला ऑक्सिजन मोजायचा. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या कोणत्याही बाईला हे लगेच कळेल. काळी बाटली खर्च सांगते, उजेडातली बाटली शिल्लक सांगते. दोन्ही मिळवले की एकूण कमाई.

आम्ही तेच केले. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात पाण्यातला ऑक्सिजन तपासायची छोटी पेटी मिळते. पाण्यात थेंब टाकले की रंग येतो, तो तक्त्याशी जुळवायचा. टाकीच्या पाण्यात सुरुवातीला आकडा आला ६. एक बाटली तशीच, दुसरी ॲल्युमिनियमच्या कागदात आणि काळ्या कापडात गुंडाळलेली. दोन्ही पाण्याच्या बादलीत, गच्चीवर, चार तास. दुपारी तपासले तेव्हा उजेडातल्या बाटलीत ८, अंधारातलीत ४. म्हणजे खर्च २, शिल्लक २, कमाई ४. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ज्या पाण्याला आपण घाण म्हणत होतो, ते चार तासांत कमावून शिल्लक टाकत होते!

कोचीच्या अभ्यासातून कासिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी, की तिथल्या पाण्यात शेवाळाचे पीक भरघोस येते, खाणाऱ्या बारीक जिवांना पुरून उरेल इतके. दुसरी गोष्ट १९७२ मध्ये त्यांनी मांडली. खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पण त्यांनी तपासलेल्या शेवाळाच्या बऱ्याच जाती त्याहून कमी खाऱ्या पाण्यात, १० ते २० ग्रॅमच्या आसपास, जास्त जोमाने काम करत होत्या. म्हणजे जिथे नदी समुद्राला भेटते, ते धड गोड ना धड खारे, मचूळ पाणी म्हणजे या हिरव्या कणांची सुपीक शेतीच.

आता हे शेत कोणाचे पोट भरते? बारीक जीव शेवाळ खातात, त्यांना मासे खातात. आपल्या ताटातली तारली तर थेट शेवाळावरही जगते. तारलीचे एक लाडके खाद्य आहे काचेसारखे कवच असलेले एक शेवाळ. ते समुद्रात वाढले की तारली मुबलक येते, हे भारतीय शास्त्रज्ञांनी १९५५ मध्येच दाखवून दिले होते. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, चोच उलटी करून चिखलातले पाणी गाळतात ते याच शेवाळासाठी. त्यांचा गुलाबी रंगसुद्धा शेवाळातल्या रंगद्रव्यातून येतो. त्या पक्ष्यांसाठी २०१५ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा जागतिक मान मिळाला.

इथवर सांगून झाल्यावर त्याच मुलीने दुसरा प्रश्न विचारला. "टीचर, आपली वालधुनीही खाडीलाच मिळते ना? तिचं पाणी बाटलीत भरलं तर?"

वालधुनी आपल्या अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते. १०६० सालच्या शिवमंदिराच्या शेजारून जाते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. तिथून पुढे भरती-ओहोटीची खाडी. तिच्या काठी राहणाऱ्यांना तिचा वास सांगायला नको, आणि तिचा रंग रोज कोणता असेल हेही सांगता येत नाही. मुलांना मी काठावर जाऊ दिले नाही. हातमोजे घालून मीच बाटली भरून आणली. पेटीतले थेंब टाकले. पाणी पांढरटच राहिले. तक्त्यावर तो शून्य. चार तास उन्हात ठेवले, तरी उजेडातल्या बाटलीतही शून्य.

वर्ग गप्प झाला. त्या पाण्यात शेवाळाचा एक कणही नसेल असे नाही. पण सांडपाणी कुजवणारे जंतू ऑक्सिजन इतक्या वेगाने खातात की काही उरत नाही, आणि गढूळ, रंगीत पाण्यात ऊन आत शिरत नाही. कमाई बंद, खर्च चालू.

मग सांडपाणी खत म्हणून गेले तर शेवाळ वाढेल, चांगलेच नाही का? हाही प्रश्न आला. थोडे खत चालते, अती झाले की उलटते. शेवाळ प्रमाणाबाहेर वाढते, मरून तळाशी जाते आणि तिथे कुजताना उरलासुरला ऑक्सिजन संपवते. मासे पळतात किंवा गुदमरतात. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १९६६ मध्ये ती सुरू झाली, कासिमसाहेब १९७४ ते १९८१ तिचे संचालक होते. त्याच संस्थेतले डॉ. सय्यद वाजिह अहमद नकवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली जगाला दाखवले की आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या अखेरीस ऑक्सिजन संपलेल्या पाण्याचा मोठा पट्टा तयार होतो. तो मुळात निसर्गाने होतो, पण जमिनीवरून वाहत जाणाऱ्या खतांमुळे तो आणखी तीव्र होत असावा, असे त्यांचे म्हणणे होते.

प्रदर्शनाच्या दिवशी चारही बाटल्या टेबलावर मांडल्या. प्रश्न विचारणारी मुलगीच माहिती सांगायला उभी होती. दुपारी तिचे अब्बू आले. उल्हासनगरात जीन्स धुण्याच्या एका कारखान्यात ते काम करतात. हाताच्या नखांत निळा रंग कायमचा बसलेला. वालधुनीच्या बाटलीसमोर ते बराच वेळ उभे राहिले. मुलगी मान खाली घालून सांगत होती, आवाज थोडा कापत होता.

"मग कारखाने बंद करायचे का?" त्यांनी विचारले. "आपण खायचं काय?"

मी मध्ये बोलणार होते, पण तिनेच मान वर केली. "बंद नको, अब्बू. पाणी साफ करून सोडायचं. त्याचा खर्चही मालकाने हिशेबात धरायचा. आत्ता तो खर्च खाडी भरते."

ते काही बोलले नाहीत. रागावले असतील असे मला वाटले. जाताना माझ्याकडे आले आणि हळूच विचारले, "टीचर, ती तपासायची पेटी केवढ्याला मिळते?"

मी किंमत सांगितली. त्यांनी मान हलवली आणि गेले. ते पेटी घेतील का, घेऊन काय करतील, मला माहीत नाही. पण नदीच्या पाण्याचा प्रश्न त्या घरात आता जेवताना निघेल, एवढे मात्र नक्की.

तुमच्याही घरी एखादी बादली, एखादे भांडे हिरवे झालेले असेल. फेकून देण्याआधी मुलांना दोन बाटल्या भरायला सांगा. आणि समुद्राच्या विज्ञानात आपली माणसे कुठवर पोहोचली आहेत, हेही त्यांना सांगा. मुलींना तर जरूर सांगा.

प्रदर्शन झाल्यावर शिपाईमामांनी टाकी घासली. डासांचा प्रश्न होताच. एक बरणी मात्र मी हिरव्या पाण्याने भरून, तोंडाला मलमलचे कापड बांधून वर्गाच्या खिडकीत ठेवली आहे. सकाळी ऊन आले की तिच्या काचेला बारीक बुडबुडे चिकटतात. हजेरी घेताना मुलींचे लक्ष तिकडेच असते, आणि मी रागावत नाही.